‘ॲल्युमिनियमचा डाला बसवा, डबल माल न्या’ हा मेसेज जसाच्या तसा मानू नका

परवा काटोलकडचा एक संत्रा बागायतदार आमच्या नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या शेडवर आला. फोर बाय फोर पिकअप दारात लावली, मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "भाऊ, आपल्याले असाच डाला करून द्या." मेसेज ओळखीचा होता. गेल्या दोन महिन्यांत तो दाखवणारा हा चौथा माणूस.

मेसेज थोडक्यात असा: पिकअपचा लोखंडी डाला, म्हणजे मागची माल भरायची उघडी पेटी, काढून ॲल्युमिनियमचा सपाट डाला बसवा. वजन एक तृतीयांश होतं, त्यामुळे डबल माल नेता येतो. ॲल्युमिनियम कधीच गंजत नाही. खिडक्या-दारं करणारा कोणीही कारागीर बनवून देतो. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्डिंगने पक्का करा म्हणजे हलणार नाही. इंजिन बदललेलं नसल्यामुळे आरटीओला कळवायची गरज नाही.

मी स्वतः असे डाले बनवतो. तिन्ही बाजूंनी माल चढवता येतो, फाळके (बाजूच्या उघडणाऱ्या भिंती) पाडले की टेबलासारखी सपाट जागा मिळते, पांदण रस्त्याने शेतात जाणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. म्हणूनच या मेसेजची मला चीड येते. तो वाचून केलेला डाला दोन पावसाळ्यांत खराब होतो आणि लोक म्हणतात ॲल्युमिनियमच बेकार.

आधी वजनाचं बघू. लोखंडाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७, इथवर मेसेज बरोबर आहे. पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही लोखंडाच्या एक तृतीयांशच आहे. तेवढ्याच जाडीचा पत्रा टाकला तर पोत्याखाली तो तिप्पट वाकेल. म्हणून ३ मिलिमीटर लोखंडी पत्र्याच्या जागी साधारण साडेचार मिलिमीटरचा ॲल्युमिनियम लागतो. पाच बाय सहा फुटांच्या तळाला लोखंड सुमारे ६६ किलो भरतं, ॲल्युमिनियम ३४. म्हणजे निम्मं. आणि ही तुलनासुद्धा जाड पत्र्याशी झाली. कंपनीचा मूळ डाला पातळ पत्रा साच्यात दाबून, पन्हळी पाडून ताठ केलेला असतो, तो वाटतो तेवढा जड नसतो. त्याच्या जागी आडवे चॅनल, जाड तळ आणि तीन फाळके असलेला ॲल्युमिनियमचा डाला बसवला तर कधी कधी काहीच वाचत नाही. गाडी आधी धरमकाट्यावर घाला, मग हिशोब मांडा.

डबल मालाचा दावा तर सरळ धोकादायक आहे. गाडीचं भरलेलं एकूण वजन कंपनीने पाटे (मागच्या स्प्रिंगा), ॲक्सल, टायर आणि ब्रेक बघून ठरवलेलं असतं. डाला हलका केल्याने ते वाढत नाही. तीस किलो वाचले तर तीस किलो माल जास्त, म्हणजे संत्र्याचे जेमतेम दीड कॅरेट. त्याच्यावर नेलेला प्रत्येक किलो ओव्हरलोड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे त्याला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

आता गंजाचं, कारण इथे आपल्या भागाचा खास प्रश्न आहे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही हे खरं. हवेत त्याच्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच त्याला राखते. पण ही साय तीव्र आम्लात टिकत नाही, तशी चुन्याच्या पाण्यातही टिकत नाही. आणि आपल्याकडे संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लागते: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ती ड्रमात कालवून याच डाल्यातून बागेत जाते. चुना ती साय उतरवतो आणि मोरचुदातलं तांबं उघड्या ॲल्युमिनियमवर बसून त्याला जागोजागी टोचत जातं. गेल्या पावसाळ्यानंतर असा एक डाला आमच्याकडे आला होता, बनवलेला दुसरीकडचा. ड्रम ठेवायच्या कोपऱ्यात पांढरी पिठी धरली होती. ती ब्रशने झाडली तर खाली ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे, दोन ठिकाणी पलीकडचा उजेड दिसत होता. तशीच पिठी लोखंडी बोल्टांभोवती. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओले राहिले की त्यांची बॅटरी होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम.

यावर उपाय आहे, महागही नाही. दोन्ही धातूंच्या मध्ये रबराची किंवा नायलॉनची पट्टी, प्रत्येक बोल्टाला नायलॉनचा बुश आणि वॉशर, खालच्या लोखंडी ब्रॅकेटला इपॉक्सी रंग. ड्रमाखाली जाड रबरी मॅट घाला, आणि बोर्डो किंवा खताची पोती नेली त्या दिवशी संध्याकाळी डाला पाण्याने धुवा.

चेसिसला वेल्डिंग करण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. मुळात ॲल्युमिनियम लोखंडाला आपल्या शेडमधल्या वेल्डिंगने जुळतच नाही. म्हणून लोक काय करतात, चेसिसला लोखंडी ब्रॅकेट वेल्ड करतात आणि डाला त्याला कचकचीत आवळतात. आता गाडी शेतात घाला. मागचं एक चाक धुऱ्यावर चढलं, दुसरं नालीत उतरलं, की चेसिस पिळते. ती पिळावी म्हणूनच शिडीसारखी बनवलेली असते. वरचा डाला तिला पिळू देत नाही, मग सगळा ताण ब्रॅकेटच्या कोपऱ्यात जमतो. चेसिसची चीर बहुतेक तिथूनच सुरू होते, वेल्डच्या कडेला केसाएवढी. धुऊन पुसल्यावर तांबडी रेघ दिसते तेव्हा ती आत बरीच गेलेली असते. ॲल्युमिनियमला तर लोखंडासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादाच नाही. लहान हिसके लाखो वेळा बसले तरी ते कधी ना कधी चिरतं.

म्हणून डाला हलू द्यायचा असतो, पण ठरवून. चेसिसला नवं वेल्ड नाही, नवं भोक नाही. कंपनीने दिलेल्या मूळ बोल्टांच्या जागाच वापरायच्या. मागचे बोल्ट पक्के, केबिनमागचे स्प्रिंगवाले, म्हणजे चेसिस पिळली की तिथे फट पडते आणि पुन्हा बसते. तळाची भोकंही थोडी लांबट ठेवावी लागतात. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत उन्हातला पत्रा सहज पन्नास अंशांनी तापतो. सहा फुटांत ॲल्युमिनियम दोन मिलिमीटर वाढतं, लोखंड एकच.

खिडकीवाल्या कारागिराला मी कमी लेखत नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. तो ६०६३ नंबरच्या मिश्रधातूचे सेक्शन कापून स्क्रूने जोडतो. डाल्याच्या तळाला ५०५२ किंवा ५०८३ चा पत्रा लागतो, चॅनलला ६०६१, आणि जोडायला आर्गन वेल्डिंग. ६०६१ वेल्ड केलं की जोडाशेजारची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते; म्हणून जोड कुठे घ्यायचा आणि कुठे बोल्टच वापरायचा हे आधी ठरवावं लागतं. नागपुरात वाडीला अमरावती रोडवर ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८९ पासून आहे, आणि त्याच शहरात आपण दुकानदाराला फक्त ‘ॲल्युमिनियम द्या’ म्हणतो. मिश्रधातूचा नंबर विचारा, टेस्ट सर्टिफिकेट मागा.

आरटीओचा मुद्दा सरळ चूक आहे. आरसीवर बॉडीचा प्रकार आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, डाला बदलला की दोन्ही बदलतात. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल कलम ५२ प्रमाणे मनाने करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच ३१ असो, ४० असो की ४९, आधी लेखी विचारा. नाही म्हणाले तर विषय संपला. नवी गाडी घेणार असाल तर कंपनीकडूनच केबिन-चेसिस, म्हणजे डाल्याशिवायची गाडी, मिळते का ते बघा.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टीही सांगतो. डिझेल भरायची नळी बऱ्याच पिकअपमध्ये मूळ डाल्यालाच स्क्रूने धरलेली असते, डाला काढला की ती लोंबकळते. आणि ज्या गाड्यांत मागच्या ॲक्सलवर भार पाहून ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत मागची उंची बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

काटोलच्या भाऊंना मी हे सगळं गाडीखाली आडवं होऊन, टॉर्च मारून दाखवलं. आरटीओत दाखवायला ड्रॉइंग दिलं आहे आणि धरमकाट्याची पावती आणायला सांगितलं आहे. दोन्ही हातात येईपर्यंत मूळ डाल्याचा एकही बोल्ट खोलायचा नाही, असं ठरलं.