गेम बॉय होऊ नये म्हणून घ्यायची काळजी

हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, काढायचं ठरवलंत? मग टीमचा प्रमुख नेमताना निन्टेंडोचा गाजलेला गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोईंसारख्या माणसाला शंभर हात लांब ठेवा. हे गृहस्थ १९६५ साली जपानमधल्या क्योटोच्या निन्टेंडो कंपनीत लागले ते हनाफुदा हे जपानी पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. अशा माणसांना एक वाईट खोड असते, यंत्र का बिघडतं ते त्यांना ठाऊक असतं. मग 'जुनं, मुरलेलं तंत्रज्ञान घ्या आणि भलत्याच कामाला जुंपा' असले मागास विचार सुचतात. कॅल्क्युलेटरच्या एलसीडी स्वस्त झाल्या, तर यांनी १९८० मध्ये त्यांवर गेम अँड वॉच हे खिशात मावणारं खेळयंत्र काढलं! तुम्ही पार्ट कोरे करकरीत घ्या. प्रेझेंटेशन झकास होतं.

पडदा रंगीत हवा, मागून उजेडही हवा. १९८९चा अटारी लिंक्स आणि १९९०चा सेगा गेम गिअर हेच तुमचे आदर्श. गेम गिअरच्या पडद्यामागे फ्लुरोसंट नळी आहे, ती पेटवायला सेलचं व्होल्टेज कित्येक पटींनी चढवावं लागतं. म्हणून सहा पेन्सिल सेल घाला, तीन ते पाच तासांत फेका, पुन्हा सहा घाला. सेल विकणारा दुवा देईल. बोर्डावर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरही (विजेचा भार साठवणारे, आत द्राव असलेले छोटे डबे) गेम गिअरचेच बसवा. काही वर्षांत ते गळतात, आतला द्राव बोर्डावरचं तांबं खातो, आवाज बसतो, पडदा फिकटतो. दुरुस्ती म्हणजे सगळे कपॅसिटर उपटून नवे लावणं, एकेक करून.

आता योकोई आणि सातोरु ओकादा यांच्या टीमचा दरिद्री कारभार बघा. १९८९चा गेम बॉय: आठ बिटांचा प्रोसेसर, ४.१९ मेगाहर्ट्झ, ८ किलोबाइट रॅम, १६० बाय १४४ पिक्सेल आणि चार छटा, त्याही शेवाळी. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, बसा दिव्याखाली मान वाकडी करून. चारच सेल, आणि ते दहा तासांहून जास्त चालतात. गिऱ्हाईक सेलच्या दुकानाचा रस्ताच विसरतं. वर दोन यंत्रं जोडायच्या केबलसाठी बाजूला एक सॉकेट. हा फालतू खर्च तुम्ही वाचवा. १९९६ साली पोकेमॉनची अदलाबदल याच केबलवरून झाली आणि म्हातारं यंत्र पुन्हा धावू लागलं, पण तेवढं दुर्लक्ष करा.

दिशांसाठी चार सुटी बटणं द्या. १९८२ साली योकोईंनी डाँकी काँगच्या गेम अँड वॉचवर अधिकच्या चिन्हासारखं एकसंध बटण बसवलं. ते मधल्या टेकूवर डुलतं, डावी बाजू दबली की उजवी उचलली जाते. म्हणजे डावं-उजवं एकदम दाबून प्रोग्रॅमला वेड लावायची सोयच संपली. मुलांनी करायचं काय?

कार्ट्रिजचीही, म्हणजे गेम भरलेल्या, यंत्रात खोचायच्या डबीचीही, तपासणी नको. गेम बॉय सुरू होताच २५६ बाइटचा छोटा रॉम (कायमचा कोरलेला प्रोग्रॅम) कार्ट्रिजमधल्या निन्टेंडोच्या लोगोचे ४८ बाइट ताडून बघतो. संपर्कपट्ट्या मळल्या असतील तर लोगोच्या जागी काळा ठोकळा उतरतो आणि यंत्र तिथेच थांबतं. मालकाला दोष लगेच कळतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्टी पुसली की काम झालं. (फुंकर मारायला मात्र जरूर शिकवा, थुंकीने धातू हळूहळू गंजतो.) तुमचं यंत्र मुकाट सुरू होऊ दे आणि ऐन शेवटच्या लेव्हलला अडकू दे.

एवढं करूनही बुडायची खात्री नसेल, तर निन्टेंडोचाच, खोली असलेली चित्रं दाखवणारा १९९५चा व्हर्च्युअल बॉय अभ्यासा. तोही योकोईंचाच, म्हणजे त्यांनाही जमलं होतं! प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एक ओळ आणि हलणारा आरसा. नावाला सुटसुटीत, पण टेबलावर स्टँड लावून त्यात तोंड खुपसायचं. किंमत १५,००० येन. वर्षाच्या आत गाशा गुंडाळला.

योकोई १९९६ मध्ये निन्टेंडोतून बाहेर पडले, पण खोड जाते थोडीच. त्यांनी काढलेल्या कोटो कंपनीने बांदाई या खेळणी कंपनीसाठी वंडरस्वान हा हँडहेल्ड घडवला, १९९९चा, एकाच पेन्सिल सेलवर चालणारा. तो बाजारात आला तेव्हा त्यांना रस्त्यावरच्या अपघातात जाऊन दीड वर्ष होत आलं होतं.