ट्रोपोनिनवरून आयुष्य मोजणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, आता भिशीच्या ग्रुपवरपण तोच मेसेज फिरतोय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. मेसेज असा की, हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारं) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं) या तीन रक्ताच्या टेस्टचं पॅकेज करा, पेशंट किती वर्षं जगणार ते ९९ टक्के अचूक कळतं, ट्रोपोनिन जितकं जास्त तितकं आयुष्य कमी, इको (हृदयाची सोनोग्राफी) वगैरे सगळे पैसे काढायचे धंदे, छातीत दुखलं तरी आधी घरीच ट्रोपोनिन करून घ्या, आणि ते नॉर्मल झालं की गोळ्या बंद केल्या तरी चालतं. खाली हात जोडलेले इमोजी. मी परळला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण हीच सॅम्पलं दिवसभर मशीनवर लावते, त्यामुळे थोडं हक्काने बोलते.

आधी ते ९९ टक्के. माझा अंदाज असा की हा आकडा ट्रोपोनिनच्या कटऑफवरून उचललाय. निरोगी १०० माणसांपैकी ९९ जणांचं ट्रोपोनिन ज्या आकड्याच्या खाली असतं तो कटऑफ धरतात, बस. त्याचा कोण किती जगणार याच्याशी काडीचा संबंध नाही. या टेस्ट पुढचं काहीच सांगत नाहीत असंही नाही हां, सांगतात, पण काय, तर तुमच्यासारखा रिपोर्ट असलेल्या हजार जणांपैकी साधारण किती जणांना पुढे त्रास झाला. त्या हजारांत तुम्ही कुठे बसता ते ट्यूबमधल्या रक्ताला माहीत नसतं.

आता ट्रोपोनिन जितकं जास्त तितकं आयुष्य कमी, हे. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. हृदयाचा स्नायू मेला की हे प्रोटीन रक्तात उतरतं, जास्त स्नायू गेला तर जास्त उतरतं. पण सॅम्पल कधी काढलं ते बघाल की नाही? अटॅकनंतर काही तासांत ते चढायला लागतं, साधारण १२ ते २४ तासांत टोकाला जातं, आणि ट्रोपोनिन टी तर १०-१४ दिवस रक्तात रेंगाळतं. त्यात अँजिओप्लास्टी करून बंद नस उघडली की अडकलेलं प्रोटीन भसकन रक्तात येतं आणि आकडा लवकर आणि उंच चढतो, म्हणजे उपचार नीट झाला तरी आकडा मोठा. किडनीचा आजार, सेप्सिस म्हणजे अंगभर भिनलेलं इन्फेक्शन, फुप्फुसातली गुठळी, यातही ट्रोपोनिन वाढतं. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळून आलेल्या धडधाकट माणसाचं रक्त घेतलं तरी वाढलेलं सापडू शकतं, त्याला काय सांगणार, इच्छापत्र करून ठेव?

आणि युनिटचा घोळ तर विचारूच नका. आमच्या मजल्यावरचे काका दोन रिपोर्ट घेऊन आले, चेहरा उतरलेला, "अगं, ०.९ होतं ते ६० झालं, आता माझं काही खरं नाही." पहिला रिपोर्ट नॅनोग्रॅम पर मिलिलिटरमध्ये, दुसरा नॅनोग्रॅम पर लिटरमध्ये. मधे हजारपटीचा फरक, म्हणजे ०.९ चे झाले ९०० आणि ते उतरून ६० वर आलेलं. तरी दोन लॅबची किट वेगळी असली तर आकडे असे शेजारी ठेवून तुलना करायचीच नसते, पण काका निदान जेवले त्या दिवशी.

एनटी-प्रोबीएनपी मात्र खरंच कामाची टेस्ट आहे, हृदयावर ताण आला, भिंती ताणल्या गेल्या की ते वाढतं, आणि अटॅकनंतर जास्त असेल तर पुढे हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडण्याचा, धोका जास्त, हे पक्कं. फक्त वय वाढलं की तेही वाढतं, किडनी बिघडली की वाढतं, जाड माणसात उलट कमी दिसतं. सीआरपीचं तर सोडूनच द्या, पावसाळ्यात मुंबईत अर्ध्या लोकांना काही ना काही इन्फेक्शन असतं, लेप्टो झालेल्या माणसाचं सीआरपी बघून हृदयाचं भविष्य सांगणार का? शरीरातली सूज आणि हृदय यांचं नातं आहे, नाही असं नाही. २०१७ साली कँटोस नावाची मोठी ट्रायल आली, आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी जास्त असलेले १०,००० हून जास्त पेशंट, सूज कमी करणारं कॅनाकिनुमॅब इंजेक्शन दिलं, तर पुन्हा अटॅक, स्ट्रोक वगैरे साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले, पण एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही, आणि जीवघेणी इन्फेक्शन वाढली. एवढं गुंतागुंतीचं प्रकरण, आणि मेसेजमध्ये एका ओळीत निकाल.

इको म्हणजे धंदा म्हणणाऱ्यांनी एक बघावं. अटॅकच्या पेशंटचा धोका मोजायला डॉक्टर ग्रेस स्कोअर वापरतात, त्यात आठ गोष्टी असतात: वय, नाडी, बीपी, ईसीजीतला बदल, हार्ट फेल्युअरची लक्षणं, येताना हृदय बंद पडलं होतं का, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि ट्रोपोनिनसारखं काही वाढलंय का. रक्तातल्या फक्त दोन! आणि हृदय किती जोरात पंप करतंय, म्हणजे दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतंय, हे इकोत दिसतं, ते ४० टक्क्यांच्या खाली असेल तर औषधंच बदलतात.

सगळ्यात राग येतो तो घरी ट्रोपोनिन करायच्या सल्ल्याचा. दुखायला लागल्यावर पहिल्या तासा-दोन तासात ते नॉर्मल येऊ शकतं! मोठ्या अटॅकमध्ये डॉक्टरसुद्धा ट्रोपोनिनची वाट बघत नाहीत, हॉस्पिटलला पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी, आणि त्यावरून पळापळ. तुम्ही घरी लॅबच्या पोराची वाट बघत बसणार, तो दादरच्या ट्रॅफिकमध्ये, आणि इकडे स्नायू मरतोय. त्यात केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही किटवर ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशाराच दिलाय. १०८ ला फोन करा, बाकी सगळं नंतर.

राहिलं गोळ्या बंद करायचं. ट्रोपोनिन उतरलं म्हणजे झालेली जखम जुनी झाली, नसेतला कचरा तसाच आहे. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा वर्षभर असतात, मनाने सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांना विचारून. रक्त तपासायचंच असेल तर एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल तपासा, अटॅकनंतर ते ५५ मिलिग्रॅम पर डेसिलिटरच्या खाली हवं असं युरोपच्या गाइडलाइन्स २०१९ पासून सांगतायत. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघा, क्रिएटिनिन बघा, लायपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच नसांना त्रासदायक कण) आयुष्यात एकदा करून घ्या, ते बहुतेक आनुवंशिक असतं आणि आपल्या भागातल्या लोकांत जास्त सापडतं. यातली एकही टेस्ट त्या पॅकेजमध्ये नाही.