देवाचं वकीलपत्र

आषाढी एकादशीला सकाळी साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी वाटी घेता घेता आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं की मी आता नास्तिक आहे. वय पंधरा, इयत्ता दहावी. बायको म्हणाली मग ठेव ती वाटी खाली, रात्रीची पोळीभाजी आहे ती खा, इथं उपासवाल्यांनाच पुरत नाहीये. त्यावर तो म्हणाला साबुदाणा हा फक्त स्टार्च आहे, त्याला धर्म नसतो. आणि तिसरी वाटी घेतली.

मला वाटलं जाईल चार दिवसांत. मागच्या वर्षी तो व्हीगन झाला होता ते अकरा दिवस टिकलं (बाराव्या दिवशी आईनं बासुंदी केली). त्याआधी गिटार होती, ती अजून माळ्यावर आहे, हप्ते संपायच्या आधी आवड संपली. पण हे टिकलं. क्लासमधे त्यांचा ग्रुपच आहे म्हणे, दोन एथिस्ट आणि एक अग्नॉस्टिक. अग्नॉस्टिक म्हणजे देव आहे की नाही हे ज्याचं ठरत नाहीये तो. त्या मुलाला मी ओळखतो, मिसळीबरोबर पाव वाढवू का विचारलं तरी त्याचं ठरत नाही, त्यामुळे तो प्रामाणिक वाटतो मला.

आता माझी अडचण अशी की मी काही फार देवभोळा माणूस नाही. नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, सकाळची शिफ्ट असली की माझी देवपूजा म्हणजे उदबत्ती तीनदा फिरवायची आणि पळायचं, त्यातली एक फेरी तर गाडीची किल्ली शोधता शोधताच होते. पण घरात एक नास्तिक निघाला ना की बाकीचे आपोआप आस्तिक ठरतात आणि बापाकडे देवाचं वकीलपत्र येतं. मी सही कधी केली आठवत नाही. अशील भेटायला येत नाही, फी नाही, कागदपत्रं नाहीत, आणि समोरची पार्टी रोज रात्री जेवताना नवीन मुद्दा काढते.

पहिल्याच तारखेला त्यानं विचारलं, "बाबा, तू देव का मानतोस?"

इतका सोपा प्रश्न मला सत्तेचाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी म्हणलं, अरे मानायचं असतं. तो नुसता बघत राहिला. मग मी आपलं सगळेच म्हणतात ते म्हणलं, की हे बघ, कुठलीतरी शक्ती आहे.

"किती वॅट?"

मी आमटी मागितली.

तेव्हापासून तो माझ्यावर लक्ष ठेवून असतो. स्कूटरवर मागे बसला की मोजतो. इंदिरानगरहून रविवार कारंज्याला चांदीच्या गणपतीपर्यंत जाताना मी नऊ वेळा डावा हात छातीला लावला असं त्यानं सांगितलं, आणि त्यातला एक नमस्कार एटीएमला होता. मी म्हणलं शक्यच नाही. त्यानं गाडी वळवायला लावली. खरंच एटीएम. मग माझ्या लक्षात आलं की तिथं आधी छोटा मारुती होता, रस्ता रुंद केला तेव्हा हलवला, त्याला बरीच वर्षं झाली. मारुती गेला पण माझा हात काही तिथून हलला नाही. मी हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला म्हणजे तुझी श्रद्धा हातात आहे, डोक्यापर्यंत गेलेलीच नाहीये. वाईट ह्याचं वाटलं की ते बरोबर होतं.

आणि ह्या सगळ्यात गंमत म्हणजे त्याचं नाव. नाव सांगत नाही, पण गणपतीच्या बारा नावांपैकी एक आहे. (लंबोदर नाहीये, एवढी दया आम्ही केली.) लग्नानंतर सहा वर्षं पाळणा हलला नव्हता म्हणून आईनं गंगापूर रोडच्या नवश्या गणपतीला नवस बोलली होती, त्याचं हे फळ. फळ म्हणालं की सहा वर्षांत तुम्ही नाशिकच्या दोन डॉक्टरांकडे पण जात होतात ना, मग क्रेडिट एकट्या गणपतीला का? आई शांतपणे म्हणाली, अरे डॉक्टरकडे नंबर लवकर लागावा हाच तर नवस होता.

आईचं हे असं आहे. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेत, पण एका नास्तिकाला ती जेवढी घाबरत नाही तेवढं मी आमच्या एचआरला सुद्धा घाबरतो. मी म्हणलं तू समजाव ना त्याला. ती म्हणाली, काय समजावू, देव नाही म्हणतोय, देव नको असं कुठं म्हणतोय?

मग मी बाहेरची मदत मागवली. पंचवटीतला आमचा एक काका आहे, सावरकरांवर बोलायला लागला की थांबत नाही, त्यांच्या जन्मगावी भगूरला दरवर्षी जाऊन येतो. तो आला, चिरंजीवांना समोर बसवलं आणि संस्कृती, परंपरा, गोमाता असं सुरू केलं. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, आजोबा पण सावरकर तर म्हणाले होते की गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला देव मानू नका? काका दोन मिनिटं पंख्याकडे बघत होता. मग म्हणाला चहा टाका. जाताना दारात मला हळूच म्हणाला, वाचन चांगलंय रे पोराचं, ते आधी कमी करा.

नाशिकमधे राहून नास्तिक होणं ही तशी सोपी गोष्ट नाही असं मला वाटायचं. जिकडे बघाल तिकडे देऊळ, वर सिंहस्थ. पण चिरंजीवांनी दाखवून दिलं की उलट इथं मटेरियल भरपूर आहे. रामकुंडाजवळ कपालेश्वर आहे ना, महादेवाचं देऊळ पण समोर नंदी नाही. का नाही, तर गोष्ट अशी की शंकराला ब्रह्महत्येचं पाप लागलं, त्यावर रामकुंडात स्नान कर हा उपाय नंदीनंच सांगितला, म्हणून शंकरानं त्याला गुरू मानलं आणि आता तू माझ्यासमोर बसायचं नाहीस म्हणाला. मी ही गोष्ट मोठ्या प्रेमानं सांगितली. पोरगा म्हणाला म्हणजे देवाला पण पाप लागतं आणि उपाय बैलाला माहिती असतो. मग ह्यात वरचा अधिकारी कोण? क्वालिटीच्या माणसाला असला प्रश्न विचारू नये, मी रात्री बारापर्यंत त्याचा ऑर्गनायझेशन चार्ट डोक्यात काढत पडलो होतो.

एका रात्री मात्र मी वकीलपत्र खालीच ठेवलं. त्यानं पंचवटीतल्या काळाराम मंदिराचा विषय काढला. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड हजारो लोकांना घेऊन, दलितांना पण आत जाऊ द्या म्हणत त्या दाराशी आले, आणि आतून दारं लावून घेतली. पाच वर्षं लोक येत राहिले, मार खात राहिले, दार काही उघडलं नाही. मग 1935 मधे बाबासाहेबांनी येवल्याला सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. येवला म्हणजे आपण पैठणी बघायला जातो ते, एवढंच आमच्या घरात माहिती. मी म्हणलं अरे पण त्यांनी पुढे बुद्धाचा धम्म घेतला, तुझ्यासारखं नुसतं सोडून दिलं नाही. तो म्हणाला ते ठीके, मला एवढंच सांग, तेव्हा आपले खापरपणजोबा पंचवटीतच राहायचे ना, ते दाराच्या आत होते की बाहेर?

मी आईकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली, मग मान वर न करता म्हणाली, "आतच असणार. बाहेर असते तर घरात कोणीतरी सांगितलं असतं."

त्या दिवशी कोणी आमटी मागितली नाही.

श्रावणात सत्यनारायण होता. मला टेन्शन की हा गुरुजींसमोर काय बोलतो. गुरुजी अॅक्टिवावरून आले, पिशवीतून चौरंगाचं कापड काढता काढता सहज म्हणाले काय रे, सोवळं नेसून येतोस का आत? आणि ह्यानं सांगूनच टाकलं. वर पितृपक्षाचा मुद्दा पण जोडला, की इथं कावळ्याला घातलेलं वरती पोचत असेल तर बाबाला कंपनीत डबा कशाला न्यायला लागतो, आपण घरी जेवू, बाबाचं पोट तिकडं भरेल. मला घाम फुटला. गुरुजी हसायला लागले. म्हणाले, "अरे हे तुझं नाहीये. हे जाबालीचं आहे."

कोण जाबाली? तर जाबाली हा दशरथाच्या पदरचा ऋषी. भरत रामाला परत न्यायला चित्रकूटला गेला तेव्हा हा बरोबर होता, आणि वाल्मिकींनी अयोध्याकांडात लिहून ठेवलंय की त्यानं रामाला तोंडावर सांगितलं, परलोक वगैरे काही नाही, श्राद्धात अन्नाची नासाडी होते, एकानं खाल्लेलं दुसऱ्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याचं घरीच श्राद्ध घाला, शिदोरी कशाला हवी. चिरंजीवांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. स्वतःचा शोध म्हणून तीन आठवडे जपलेला पॉइंट चक्क रामायणात निघाला. त्यानं विचारलं मग राम काय म्हणाला? गुरुजी म्हणाले भयंकर चिडला. "आणि जाबाली?" "तो म्हणाला मी आपलं तुम्हाला परत न्यायला तसं बोललो हो, मी काही नास्तिक नाही." पोरगा म्हणाला, शी, फट्टू निघाला.

पण नंतर पूजाभर तो गुरुजींच्या शेजारी बसून होता, चार्वाक, सांख्य, मीमांसा, देव न मानता कोणाचं कसं भागलं ते विचारत होता आणि गुरुजी कथेच्या दोन अध्यायांच्या मधे उत्तरं देत होते, त्यामुळे प्रसादाला पावणेदोन वाजले. दक्षिणेचा क्यूआर कोड त्यानंच स्कॅन केला. ह्या सगळ्यात माझं काम फक्त "पळीनं पाणी सोडा" म्हणलं की सोडणे एवढंच होतं.

मग गणपती आले आणि खरा कायद्याचा प्रश्न उभा राहिला, तो म्हणजे मोदक. प्रसाद खाणार नाही, हे तत्त्व. पण आईच्या हातचे उकडीचे मोदक, हे वास्तव. त्यावर त्यानं दोन दिवस विचार करून निकाल दिला की नैवेद्य दाखवायच्या आधी मोदक हा निव्वळ खाद्यपदार्थ असतो, नंतर त्याचा प्रसाद होतो, म्हणून मला आधी द्या. आता आमच्या घरात नैवेद्याआधी कोणी बोटाला लागलेलं सारण चाटलं तरी गहजब होतो. मी लहानपणी एकदा चाटलं होतं, त्याचा उल्लेख अजून निघतो. आणि त्याच माझ्या आईनं दोन मोदक बाजूला काढले, वर तूप सोडलं, ताटली ह्याच्या हातात दिली आणि म्हणाली, घे, तुम्हा लोकांना नियम नसतो ना.

हे माझ्या बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलानं बघितलं. "आजी, मी पण नास्तिक." त्याच्या पाठोपाठ त्याची बहीण. मग शेजारचे दोन, ज्यांना तो शब्द म्हणता पण येत नव्हता, नाश्तिक नाश्तिक करत स्वयंपाकघरात शिरले. दहा मिनिटांत घरात पाच नास्तिक झाले आणि नैवेद्याला एकवीसच्या ऐवजी अकरा मोदक उरले.

आरतीला मात्र तो उभा राहतो. झांज वाजवतो, ते कल्चरल आहे म्हणे. त्यातही मला अडवलं. मी चाळीस वर्षं "फळीवर वंदना" म्हणतोय, तो म्हणाला ते फणिवरबंधना आहे, कमरेला नाग बांधलाय ज्यानं तो. फळी कुठून आली? मी म्हणलं देव फळीवर ठेवलेला असतो ना म्हणून. तुला कसं माहिती हे सगळं? तर म्हणाला एखादी गोष्ट मानायची नसेल तर आधी वाचायला लागते. आता आख्ख्या घरात आरती बरोबर म्हणणारा एकच माणूस आहे आणि तो देव मानत नाही.

देवांपैकी एकाबद्दलच त्याला आदर आहे, दुतोंड्या मारुती. तो एकटा काहीतरी काम करतो म्हणे. बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे गोदावरीला किती पूर आलाय हे क्युसेकमधे कोणी विचारत नाही, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय ते विचारतात. गुडघा, कंबर, छाती. चिरंजीवांच्या भाषेत ते एक मेजरिंग इन्स्ट्रुमेंट आहे, शेंदूर फासलेलं. आईला हे पटलं, ती म्हणाली तेच तर, म्हणून बसवलाय.

गणपतीच्या सहाव्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलं. क्लास सुटल्यावर ही तिघं पोरं, म्हणजे दोन एथिस्ट आणि तो एक न ठरणारा, पूर बघायला पुलावर गेली, घरी न सांगता. बायको आधी घाबरली मग चिडली. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला, ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला.

"कुठपर्यंत आलंय रे पाणी?"

"गुडघ्याच्या वर गेलंय आजी. कमरेला टेकेल आता."

"पाया पडलास का मारुतीच्या?"

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज. मी बायकोकडे बघितलं, बायकोनं देवघराकडे.

"आजी, पाय पाण्याखाली आहेत त्याचे."

"बरं," आई म्हणाली. "मग ओसरल्यावर पड. मारुती कुठं जात नाहीये."