खुलासा : पासकी वापरली म्हणून बोटाचा ठसा कंपनीकडे जात नाही

पासकी म्हणजे पासवर्ड न टाकता, फोनचं लॉक उघडून लॉगिन करायची सोय. ‘पासकी सुरू केली की तुमच्या बोटाचा ठसा आणि चेहरा वेबसाइटच्या सर्व्हरवर साठवला जातो’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. हे खरं नाही. या भीतीपोटी लोक जुन्याच पासवर्डला चिकटून राहतात, याचं जास्त वाईट वाटतं.

पासकी तयार करताना डिजिटल किल्ल्यांची एक जोडी बनते. सार्वजनिक किल्ली वेबसाइटकडे जाते, खासगी किल्ली तुमच्याकडे राहते. लॉगिनच्या वेळी सर्व्हर दर वेळी नवा, यादृच्छिक आकडा पाठवतो. फोन त्यावर खासगी किल्लीने सही करून परत देतो. ठसा फक्त ही किल्ली वापरायची परवानगी देतो आणि त्याची पडताळणी फोनमध्येच होते. ठसा नको असेल तर स्क्रीन लॉकचा पिनही चालतो. सर्व्हर फुटला तरी चोराच्या हाती सार्वजनिक किल्लीच लागते आणि तिने लॉगिन होत नाही.

शिवाय पासकी त्या वेबसाइटच्या पत्त्याला बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर बदललेली हुबेहूब नकली साइट उघडली, तर माणूस फसेल; ब्राउझर तिथे ती पासकी देणारच नाही.

हे कुण्या एका कंपनीचं गुपित तंत्रही नाही. फिडो अलायन्स ही अनेक कंपन्यांची संघटना २०१३ पासून यावर काम करते आहे. पासकी ज्यावर चालते ते वेबऑथन हे खुलं मानक, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मार्च २०१९ मध्ये मंजूर केलं.

एक मात्र खरं : पासकी क्लाउडवर सिंक होऊ शकते. पण सिंक होते ती किल्ली, तीही एन्क्रिप्ट करून, ठसा नव्हे. म्हणून ते क्लाउड खातं आणि फोनचा पिन नीट जपा.