परत गेलेले साडेबारा हजार कोटी

भारतातल्या संरक्षणखर्चाचा वाद लंडनमधून ऐकताना माझं घोडं दर वेळी एकाच वाक्यापाशी अडतं: ‘सैन्याचे साडेबारा हजार कोटी परत गेले.’ २०२४-२५ साठी सैन्यदलांच्या भांडवली खर्चाला, म्हणजे विमानं, जहाजं, शस्त्रं अशा खरेदीला, १,७२,००० कोटी रुपये ठेवले होते, सुधारित अंदाजात ते १,५९,५०० कोटींवर आले. एक बाजू म्हणते, सेनाधिकाऱ्यांना खरेदी जमत नाही. दुसरी म्हणते, बाबूंनी फाइल दाबून ठेवली. एरवी कशावरच न पटणारे हे लोक उपायावर मात्र एकदिलाने येतात: ३१ मार्चला लॅप्स न होणारा कायमचा निधी काढा. माझा राग या उपायावर आहे.

त्याच वर्षी संरक्षण पेन्शनचा खर्च १,४१,२०५ कोटींच्या अंदाजावरून दीड लाख कोटींच्या पुढे गेला. त्यावर कुणी टाहो फोडल्याचं ऐकलं नाही. म्हणजे एकाच मंत्रालयाच्या एका खिशात उरलं आणि दुसऱ्यात कमी पडलं. या मंत्रालयाच्या अनुदान मागण्या चार आहेत: मुलकी खर्च, सेनादलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि पेन्शन. एकीतले पैसे परस्पर दुसरीत वळवता येत नाहीत. कमी पडलं तर राज्यघटनेच्या कलम ११५ खाली पुरवणी मागणी घेऊन संसदेपुढे जायचं, उरलं तर परत करायचं. मंजुरीपेक्षा जास्त खर्च आधीच होऊन बसला असेल, तर लोकलेखा समिती कारणं तपासते आणि मग संसद तो नियमित करते. गैरसोयीचंच आहे सगळं. ते तसंच असायला हवं.

मुळात पैसे उरतात कसे? खरेदीचा रस्ता लांब आहे. आधी गरजेची मान्यता, मग निविदा, तांत्रिक मूल्यमापन, चाचण्या, किमतीची घासाघीस, सक्षम अधिकाऱ्याची किंवा मंत्रिमंडळ समितीची मंजुरी, आणि त्यानंतर करार. यातली एक पायरी फेब्रुवारीतून एप्रिलमध्ये सरकली की आगाऊ हप्त्यासाठी ठेवलेली रक्कम त्या वर्षापुरती बिनकामाची. करार झाल्यावरही पैसे टप्प्याटप्प्याने जातात. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायचं होतं. अमेरिकेहून पहिलं इंजिनच मार्च २०२५ मध्ये निघालं. माझगाव डॉकच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ चा, पहिली ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली डिसेंबर २०१७ मध्ये. टप्पा पुरा नाही तर बिल नाही. अशा वेळी पैसे हातात ठेवणारा अधिकारी करदात्याचंच भलं करत असतो. मार्चएंडला रक्कम कशीबशी संपवणाऱ्यांसाठी अर्थखात्याने मर्यादा घातली आहे: शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के, एकट्या मार्चमध्ये १५ टक्के. ती काही उगाच नाही.

पण न दिलेलं बिल मरत नाही, पुढच्या वर्षाच्या उंबरठ्यावर येऊन बसतं. याला बांधील देणी म्हणतात, आणि खरी गोम इथे आहे. २०१८ साली उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला सांगितलं की आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी आणि आधीच चालू असलेल्या १२५ योजनांची देणी आहेत २९,०३३ कोटी. नव्या खरेदीची गोष्ट सोडा, जुन्या उधारीलाच पैसे पुरत नव्हते. गेल्या वर्षीची शिल्लक आणि या वर्षीचं खिंडार ही बऱ्याचदा एकाच उशिराची दोन टोकं असतात. एका वर्षाचं पान उघडून भांडणाऱ्याला ती दिसायची नाहीत.

इथे ब्रिटनमध्ये निदान दहा वर्षांचं पान उघडायची पद्धत पडली होती. इथलं संरक्षण मंत्रालय दरवर्षी दशवार्षिक इक्विपमेंट प्लॅन, म्हणजे शस्त्रसामग्रीच्या खर्चाची योजना, छापायचं, नॅशनल ऑडिट ऑफिस तो तपासायचं, आणि मंत्रालयाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, परमनंट सेक्रेटरीला, कॉमन्सच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) लोकलेखा समितीपुढे बसवून त्यावर घाम फोडला जायचा. २०२२ ते २०३२ च्या योजनेत २.६ अब्ज पौंडांची शिल्लक दिसत होती. डिसेंबर २०२३ मध्ये पुढची योजना आली: तरतूद २८८.६ अब्ज, खर्च ३०५.५ अब्ज, तूट १६.९ अब्ज. बारा महिन्यांत हे झालं कसं? अण्वस्त्र विभागाचे अंदाज ३८.२ अब्जांनी फुगले होते, महागाईने आणखी १०.९ अब्ज खाल्ले. त्यातही लष्कराने परवडेल तेवढंच यादीत घातलं होतं. सगळ्या गरजा मांडल्या असत्या तर आणखी सुमारे १२ अब्ज लागले असते. ही चलाखीही लेखापरीक्षकांनी अहवालात छापली. दिल्लीतल्या समितीच्या हाती असं एक तपासलेलं कोष्टक दिलं, तर साडेबारा हजार कोटींची बोंब एका दुपारीत निवळेल.

आता तो न संपणारा निधी. जसवंत सिंह यांनी २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २५,००० कोटींचा जाहीर केला होता. सरकार गेलं, निधीही गेला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी २,३८,३५४ कोटींचा सुचवला, केंद्राने तो तत्त्वतः मान्य केला. तत्त्वतः या शब्दाला सरकारी मराठीत काय अर्थ आहे ते सांगायला नको. पण निधी उद्या उभा राहिला तरी त्यात पैसे टाकताना संसदेची मंजुरी लागेल आणि काढून खर्च करतानाही लागेलच, कारण संसदेच्या विनियोजनाशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, दमडी हलत नाही. मग सुटणार काय? इंजिन येईना, ते निधीने येणार नाही. उलट ‘का उरले?’ हे वर्षातून एकदा तरी विचारायला लावणारी ३१ मार्च ही एकुलती एक तारीख बोथट होईल.

इथवर लिहून झाल्यावर मलाच माझ्या सुराचा वास येतो. इथलं सगळं कुठे सोवळं आहे? विमानवाहू जहाजांचं काम २००८ मध्ये मुद्दाम रेंगाळवलं. चार वर्षांत ४५ कोटी पौंड वाचवले, पुढे ११२.४ कोटींनी बिल वाढवलं. एजॅक्स चिलखती गाड्यांवर २०२१ च्या अखेरपर्यंत ३.२ अब्ज पौंड दिले, हाती आल्या २६ गाड्या. २०२३ नंतर इक्विपमेंट प्लॅन छापलेलाच नाही. त्याच्या जागी येणारा आराखडा २०२५ च्या शरदात यायचा होता, वर्ष सरलं तरी आला नाही. मार्च २०२३ मध्ये लोकसभेने एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा न करता सगळं गिलोटिनखाली घातलं, म्हणजे एकगठ्ठा मंजूर केलं, म्हणून मी नाक मुरडतो. पण कॉमन्सने शेवटची मागणी फेटाळली ती १९१९ साली, आणि तीसुद्धा लॉर्ड चॅन्सलरच्या जादा न्हाणीघराची.

शिवाय माझं स्थान तरी काय? भारतीय पासपोर्ट, म्हणजे कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथल्या खासदाराला मत देता येतं. तिकडच्या मतासाठी मतदानाच्या दिवशी स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं. तरी सुधारित अंदाज उघडताना ‘आपले’ म्हणतो ते तेजसला, आणि एजॅक्सला ‘यांचे’. एजॅक्सचे पैसे माझ्या पगारातून कापलेत. त्याबद्दल इथल्या खासदाराला मी अजून एक ओळही लिहिलेली नाही.