ग्रीनलँडच्या बर्फाचा अर्धवट दाखला

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा आहे : ग्रीनलँडचे तापमान हजारो वर्षांपूर्वी काही दशकांत दहा अंशांनी वाढले, तेव्हा ना कारखाने होते ना मोटारी, कार्बन डायऑक्साइड नेहमी तापमानाच्या मागून वाढतो, अटलांटिकचा प्रवाह मंदावला तर उलट थंडीच पडेल, आणि आपल्या पावसाचा या साऱ्याशी काही संबंध नाही. लिहिणाऱ्याने प्राचीन हवामानाचे पुरावे वाचले आहेत, पण सोयीपुरतेच.

पहिला दाखला खरा आहे. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा 'यंगर ड्रायस' हा थंड काळ संपताना ग्रीनलँड झपाट्याने तापले, हे तिथल्या बर्फाच्या थरांतून दिसते. मात्र ती वाढ ग्रीनलँडची होती, पृथ्वीच्या सरासरीची नव्हे. त्याच थंड काळात अंटार्क्टिका तापत होते, असे तिथला बर्फ सांगतो, आणि या उलटसुलट चालीचे स्पष्टीकरण समुद्रात आहे. अटलांटिकमध्ये उबदार, खारे पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते, तिथे थंड व जड होऊन बुडते आणि खोलवरून दक्षिणेकडे परतते. हे अभिसरण अडखळले की उत्तरेची उष्णता दक्षिणेत साठू लागते. समुद्रतळाच्या गाळातील फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांमधील कार्बनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपे) आणि गाळातील प्रोटॅक्टिनियम व थोरियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण यांवरून प्रवाहाचा जोर ताडता येतो. यंगर ड्रायसच्या आधीच्या अशाच एका थंड काळात, सुमारे १७,५०० वर्षांपूर्वी, तो जवळजवळ थांबला होता, असा त्यांचा कौल आहे. म्हणजे त्या काळी मुख्यतः उष्णतेची वाटणी बदलत होती. हिडकल धरणाचे पाणी कोणत्या कालव्यात सोडले यावरून धरणातला साठा वाढत नाही. आज मात्र दोन्ही गोलार्ध आणि महासागर एकाच वेळी तापत आहेत, आणि हे नुसत्या वाटणीने होत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. हिमयुगे संपताना पृथ्वीच्या कक्षेतील बदलांमुळे तापमानवाढ सुरू होई, मग समुद्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडे आणि तो ती वाढ पुढे रेटत असे. परिणाम असलेली गोष्ट पुढच्या टप्प्यावर कारणही होऊ शकते. गेल्या ८ लाख वर्षांच्या अंटार्क्टिक बर्फात या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत साधारण १८० ते ३०० भागांच्या दरम्यानच राहिले. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते, आता ४२०च्या वर गेले आहे. हा वायू समुद्रातून आला म्हणावे, तर समुद्र आज तो सोडण्यापेक्षा अधिक शोषून घेत आहे आणि त्यापायी त्याची आम्लता वाढते आहे. शिवाय हवेतील कार्बनच्या समस्थानिकांत कोळसा आणि तेलाची खूण स्पष्ट उमटली आहे.

थंडीच्या आशेबद्दल थोडक्यात : अटलांटिकचा प्रवाह या शतकात मंदावण्याची दाट शक्यता आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१च्या अहवालाने सांगितली आहे, पण त्यातून येणारा गारवा मुख्यतः उत्तर अटलांटिक आणि भोवतालच्या प्रदेशापुरता राहील. तो बेळगावचा उन्हाळा सुसह्य करणार नाही.

उरला पाऊस, आणि इथे मजकूर सर्वांत लंगडा पडतो. नैऋत्य मोसमी वारे जोराचे असले की ओमानच्या किनाऱ्याशी खोलचे थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यात वाढणाऱ्या एका फोरामिनिफेराची कवचे गाळात अधिक साचतात. त्या गाळाचे थर ग्रीनलँडच्या नोंदींशी ताडून पाहिले, तर उत्तर अटलांटिकच्या थंड काळांत आपला मोसमी पाऊस क्षीण झालेला आढळतो. अरबी समुद्राच्या गाळाचा असा अभ्यास करणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था चोर्ला घाट उतरून गेल्यावर गोव्यातच, दोनापावला येथे आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा याच नैऋत्य मोसमी पावसावर जगते, त्यामुळे अटलांटिक आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

अर्थात २०१९चा महापूर किंवा २०२३चा दुष्काळ या प्रवाहाच्या माथी मारणेही चूकच ठरेल. समुद्राच्या गाळाचा एकेक थर बहुधा दशकांची किंवा शतकांची सरासरी सांगतो, एखाद्या पावसाळ्याचा हिशेब देत नाही. आणि अटलांटिकच्या या अभिसरणाचे सलग प्रत्यक्ष मोजमाप २००४पासूनच सुरू झाले आहे.