गरुड चोच फोडत नाही, आणि स्तोत्र १०३ मध्येही तसं काही नाही

उपवासकाळ (इस्टरआधीचा) सुरू झाला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर तो गरुडाचा मेसेज परत आला. कितव्यांदा ते मोजायचं मी सोडून दिलंय. ज्यांनी अजून वाचला नसेल (असं कोणी आहे का?) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गरुड सत्तर वर्षं जगतो, पण चाळिशीला त्याची चोच वाकडी होते, नखं निकामी होतात, पिसं जड होतात, मग त्याच्यापुढे दोनच रस्ते, मरायचं नाहीतर १५० दिवस यातना सोसायच्या. तो डोंगरावर एकटा जातो, खडकावर आपटून चोच फोडतो, नवी चोच आली की तिनं नखं उपटतो, नवी नखं आली की पिसं उपटतो, आणि पाच महिन्यांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. हाच मेसेज सेल्सवाल्यांच्या ट्रेनिंगमध्येपण फिरतो, आमच्याकडे येईस्तोवर त्याला खाली बायबलातल्या स्तोत्र १०३ चं पाचवं वचन (तुझं तारुण्य गरुडासारखं नवं होतं, ते) चिकटलेलं असतं आणि शेवटी प्रश्न असतो, "देव तुला नवं करायला तयार आहे, तू चोच फोडायला तयार आहेस का?"

मी गप्पच बसणार होते. लोक पाठवतात, आपण हात जोडलेला इमोजी टाकतो, विषय संपतो. पण माझा धाकटा भाऊ अकरा महिने दारूला शिवला नव्हता आणि एका लग्नात, रोसाच्या रात्री (लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात ती), पुन्हा प्यायला. त्यानंतर तो लाजत लाजत एका प्रार्थनासभेला गेला तर तिथं कोणीतरी मोठ्या प्रेमानं हाच मेसेज वाचून दाखवला आणि म्हणालं, तू अजून चोच फोडली नाहीस म्हणून असं होतं. घरी येऊन त्यानं मला एवढंच विचारलं, "ताय, कितीदा फोडूची?"

म्हणून हे एकेक करून लिहितेय.

आधी पक्ष्याचंच बघू. सत्तर वर्षं? रानातले मोठे गरुड साधारण वीस-तीस वर्षं जगतात. अमेरिकेतल्या बाल्ड ईगलचा रानातला रेकॉर्ड ३८ वर्षांचा आहे, १९७७ मध्ये पायात कडं घातलेला एक पक्षी २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीच्या धडकेनं मेला तेव्हा ते कळलं. म्हणजे मेसेजमधला गरुड ज्या वयात डोंगरावर जातो त्या वयाला खरा गरुड बहुतेक पोचतच नाही, तो आधीच मेलेला असतो. चोच म्हणजे आत हाड आणि त्यावर केराटिनचं कवच, आपल्या नखांचंच मटेरियल. कवच जन्मभर वाढतं आणि खाताना, फांदीवर घासताना झिजतं, पण आतलं हाड फुटलं की फुटलं, ते परत येत नाही. आमच्या शेजारी एक म्हातारे तांडेल आहेत, आयुष्य होडीवर गेलं, त्यांना मी हा मेसेज वाचून दाखवला तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "चोच फोडल्यान तर पाच म्हयने खातलो काय, वडे-सागोती?"

पिसांचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय कारण त्यात खरी गंमत आहे. गरुड पिसं बदलतो हे बरोबर आहे पण उपटत नाही. एकेक करून गळतात, डाव्या पंखातलं गळलं तर बहुतेक उजव्यातलंही त्याच सुमारास, म्हणजे तोल राहतो आणि उडणं थांबत नाही, मोठ्या गरुडाला पंखांतली सगळी पिसं बदलायला वर्षाच्या वर लागतं. आणि जुनं पीस गळतं कसं, तर खालून नवं येत असतं ते त्याला ढकलतं. आधी नवं, मग जुन्याची सुटका. मेसेजमध्ये बरोबर उलटं आहे, आधी सगळं उपट, रक्त काढ, मग बघू नवं येतंय का.

आमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आहे, त्याला काकण म्हणतात. मासे आणि समुद्रसाप खातो. (चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाले याच पक्ष्याच्या मागावर फिरत होते तेव्हा २००२ मध्ये त्यांना वेळासला कासवांची अंडी सापडली, आज वेळासला कासवं बघायला गर्दी होते ती तिथून सुरू झाली.) या काकणाचं घरटं बघा कधी, उंच झाडावर काटक्यांचा हा मोठा ढीग, आणि ते दर वर्षी नवं नसतं. पावसानं अर्धं खाली पाडलेलं असतं, तरी जोडी परत तिथंच येते, जुन्यावर नव्या काटक्या चढवते, हिरवा पाला घालते. डोंगरावर एकट्यानं जाऊन स्वतःला फोडणारा काकण आमच्या तांडेलांनी साठ वर्षांत बघितलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल पक्षी सोडा, वचन तर खरं आहे ना. खरं आहे, पण ते उघडून वाचा, प्लीज, आणि एकटं पाचवं नको, तिसऱ्यापासून वाचा. तो तुझे अपराध क्षमा करतो, तुझे रोग बरे करतो, तुझा जीव खड्ड्यातून सोडवतो, दयेचा मुकुट घालतो, उत्तम गोष्टींनी तुला तृप्त करतो आणि म्हणून तुझं तारुण्य गरुडासारखं नवं होतं. क्रियापदं मोजा. पाच आहेत आणि पाचांचा कर्ता देव आहे. माणसाला त्याआधी काम दिलंय ते एवढंच, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे उपकार विसरू नकोस. आणि नवं होतं ते कशानं? तृप्त झाल्यानं, म्हणजे पोट भरल्यानं! स्तोत्रातला गरुड जेवलेला आहे आणि मेसेजमधला पाच महिने उपाशी, हे दोन एकच पक्षी कसे असतील? त्याच स्तोत्रात पुढे चौदावं वचन आहे, आपण कशाचे बनलोय ते त्याला ठाऊक आहे, आपण माती आहोत हे तो लक्षात ठेवतो. हे वचन त्या मेसेजखाली कोणी चिकटवलेलं मी तरी बघितलं नाही.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ४०:३१ पण जोडतात कधीकधी, गरुडासारखे पंख पसरून वर जातील ते. पण तिथंही अट काय आहे? परमेश्वराची वाट बघणारे. ज्यांना हे सांगितलं ते बाबिलच्या बंदिवासानं खचलेले लोक होते, आदल्याच वचनात म्हटलंय की तरणीबांड पोरंसुद्धा दमतात, ठेचकाळून पडतात. आणि क्रम बघा, आधी उडतील, मग धावतील, आणि शेवटी काय, तर चालतील आणि थकणार नाहीत. माझ्या भावाला सध्या बाजारातनं त्या एका दुकानासमोरून चालत घरी यायचंय. त्याला तिसरंच पुरे आहे.

मग ही गोष्ट आली कुठून? ती अगदी आजकालची नाही, याचं श्रेय मेसेजवाल्यांना देते. जुन्या ख्रिस्ती लेखकांमध्ये गरुडाच्या नवेपणाच्या दंतकथा होत्या, आणि संत ऑगस्टीननं, म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी, याच स्तोत्रावर बोलताना सांगितलंय की म्हाताऱ्या गरुडाची वरची चोच इतकी वाढते की तोंड उघडत नाही, खाता येत नाही, मग तो खडकावर घासून-आपटून जादा वाढलेला भाग काढतो आणि परत खायला लागतो. पक्षीशास्त्र म्हणून तेही कच्चंच. पण त्यात १५० दिवस नाहीत, नखं उपटणं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑगस्टीन त्या खडकाचा अर्थ सांगतो, खडक म्हणजे ख्रिस्त. सगळा भार त्या खडकावर आहे. आपल्या मेसेजमध्ये यातना वाढवल्या आणि खडक नुसता दगड करून टाकला.

अजून एक. बायबलात गरुड म्हटलं की दर वेळी आपणच असतो असंही नाही. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात, मोशेच्या गीतात गरुड म्हणजे देव आहे, घरट्यावर घिरट्या घालणारा, पंखावर पिलं उचलून नेणारा, आणि आपण पिलं. (हिब्रू शब्द नेशेर आहे आणि तो गिधाडालापण चालतो. मीखाच्या पहिल्या अध्यायात नेशेरसारखं टक्कल कर असं लिहिलंय, आणि टक्कल गिधाडाचं असतं. पण 'गिधाडासारखे व्हा' असा मेसेज कोण फॉरवर्ड करणार!)

"पण मोडल्याशिवाय नवं घडत नाही, कुंभाराकडे बघा," हे मला एका मावशींनी ग्रुपवरच सुनावलं. बघूया कुंभाराकडे. यिर्मया १८ मध्ये चाकावरचं भांडं कुंभाराच्या हातात बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं भांडं घडवतो. माती ओली आहे, हातातच आहे, फोडायची गरजच पडत नाही, बिघडलेली माती तो फेकूनही देत नाही. भांडं फोडायचा प्रसंग पुढच्याच अध्यायात आहे, एकोणिसाव्यात, तिथं भाजलेलं मडकं फोडतात आणि काय म्हणतात, हे आता पुन्हा सांधता येणार नाही. म्हणजे फोडणं बायबलला माहीत आहे, पण तो न्यायाचा प्रसंग आहे. मावशींनी दोन अध्याय एकात कालवले.

एक आक्षेप मात्र खरंच वजनदार आहे आणि तो टाळणार नाही. येशूनंच म्हटलंय ना, उजवा हात पाप करायला लावत असेल तर तोडून टाक, प्रेषित पौलपण म्हणतो जुना मनुष्य काढून टाका, मग माणसानं काहीच करायचं नाही का? करायचंय. माझ्या भावानं दोन मित्र तोडले, फोनमधले नंबर उडवले, एएच्या (दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या) मीटिंगला तो एसटीनं जातो, आणि हे सगळं दुखतं. पण पौल फिलिप्पैकरांना जे लिहितो ते दोन्ही वाक्यं सलग वाचा, भीत-कापत आपलं तारण साधून घ्या, *कारण* तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे. 'कारण' हा शब्द गाळला की उरतो तो मेसेज.

छाटणीबद्दल येशू जे म्हणतो ते तर आम्हा बागवाल्यांना लगेच कळावं. योहान १५, माझा पिता माळी आहे, फळ देणारी प्रत्येक फांदी तो छाटतो. आमच्याकडे आजोबांच्या काळातली हापूसची कलमं आहेत, इतकी उंच गेली की आंबा उतरवायला माणूस मिळेना आणि मधे ऊनच पोचेना. त्यातली काही छाटली. कलमानं स्वतःला छाटलं नाही, छाटली आम्ही, कुठली फांदी ठेवायची ते बघून, आणि कापून निघून गेलो असंही नाही. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, अशी बोर्डो पेस्ट करून प्रत्येक कापावर लावली, खोडकिडा शिरतोय का ते बघत राहिलो, दोन-तीन वर्षं आंबा मिळणार नाही हे आधीच धरून चाललो. बागायतदाराला हा हिशेब जमतो आणि देवाला १५० दिवसांची डेडलाइन लागते, असं कसं मानायचं?

आणि ती डेडलाइन तर सगळ्यात खोटी. पौल म्हणतो आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत जातो, दिवसेंदिवस. त्याच पौलानं स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा. मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ उभा राहून तीनदा म्हणाला, मी येशूला ओळखत नाही. नंतर योहान २१ मध्ये येशू त्याला किनाऱ्यावर भेटतो तेव्हा परत कोळशाचा विस्तव, योहान तोच शब्द वापरतो, आणि त्यावर मासळी भाजत ठेवलेली. रात्रभर जाळं टाकून थकलेल्या माणसांना तो आधी म्हणतो, या, न्याहारी करा. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, पहाटे होडी लागल्यावर वाळूत भाजलेल्या मासळीचा वास कसा येतो ते आपल्याला ठाऊक आहे. जेवण झाल्यावर मग तीन प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का. प्रश्न दुखतातच, पेत्र खिन्न झाला असं लिहिलंय. पण आधी खाऊ घातलं.

आणि एवढं होऊन पेत्र एकदम शुद्ध झाला का? अंत्युखियात येरुशलेमहून माणसं आली तेव्हा त्यानं परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणं बंद केलं, लोक काय म्हणतील म्हणून, आणि पौलानं त्याला तोंडावर झापलं, गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. पेन्टेकॉस्टनंतरचा, म्हणजे पवित्र आत्मा मिळाल्यानंतरचा, पेत्र हा! परत माणसांना भ्यायला. तरी त्याला कोणी म्हटलं नाही की तू चोच फोडली नव्हतीस.

"एवढं काय, भावना बघा ना, मेसेज पॉझिटिव्ह आहे," हे शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालं. भावना कोणासाठी पॉझिटिव्ह आहे? ज्याचं सगळं बरं चाललंय त्याला हा मेसेज वाचून छान वाटतं, आपण गरुड आहोत असं वाटतं. जो परत पडलाय त्याला त्यात एकच गोष्ट वाचायला मिळते, की तुला पुरेसं दुखलेलं नाही. त्याला आधीच खूप दुखलंय हो.

भावाला मी यातलं निम्मंच सांगितलं. न्याहारीचं सांगितलं, कुंभाराचं सांगितलं, ऑगस्टीन त्याला झेपला नसता. त्यानं ऐकून घेतलं, काही बोलला नाही. अकरा महिन्यांचा आकडा गेला म्हणून तो रडला होता, आता परत पहिल्यापासून मोजतोय, परवा एकोणीस दिवस झाले. काल सकाळी मी चहा ठेवत होते तर मागच्या दारातनं बादली घेऊन आला आणि म्हणाला, "ताय, मोरचूद हाडलंस काय? त्या वयल्या कलमाचे दोन काप ऱ्हवलेहत."